स्वतः उभा राहून

"बाई, छज्जा पडला," चिटणीस फोनवर म्हणाला, आणि मी म्हणाले, "छान झालं. संध्याकाळपासून पाणी मारायला लावा." पलीकडून आवाजच येईना. आमच्या धंद्यात स्लॅब पडला म्हणजे ओतून झाला. सकाळी आठला सुरू केला, पाचला पडला, सुटलो एकदाचे, असंच सगळे बोलतात, आणि पस्तीस वर्षं हे ऐकल्यावर माणसाचं डोकं दुसरा अर्थ शोधायला जातच नाही. हातात दुधाचं पातेलं होतं, आणि त्या दोन-तीन सेकंदांत मी चक्क खूश झाले होते, की चला, कुणाचं तरी काम वेळेत झालं. मग चिटणीसानं घसा खाकरला आणि लहान मुलाला समजावतात तसं सांगितलं, की बाई, पडला म्हणजे खाली पडला. बाटल्यांच्या जुन्या कारखान्याचा, एक खण. एका हातगाडीवाल्याचं मनगट मोडलंय, बाकी कुणाला काही नाही. मी जीभ चावली. त्यानं ते ऐकलं न ऐकल्यासारखं केलं, पण दुपारपर्यंत हे सगळ्या कचेरीत पोचणार हे मला ठाऊक होतं. अध्यक्षबाईंना छज्जा पडल्याचं सांगितलं तर छान झालं म्हणाल्या. हसू देत. मला हसू येत नव्हतं. मनगटाचं ऐकून जीव हळहळला, पण खरं सांगते, त्याआधी मनात दुसरंच आलं होतं, की कितवा खण?

सहावा. बारांपैकी सहावा, बरोबर मधला. हे कळल्यावर मी खुर्चीत बसले आणि चहा घेतला. सहावा म्हणजे पन्हाळ गळत असणार, पाणी मुरून सळई गंजली असणार. मधल्या खणांचं काम चांगलं झालं होतं, ते मला माहीत होतं. तो कारखाना आमच्या फर्मनं बांधला, एकतीस वर्षांपूर्वी. पुढं मालक बदलले, कारखाना बंद पडला, इमारत दहा-बारा वर्षं कुत्र्यांच्या आणि जुगाऱ्यांच्या ताब्यात होती. मग नगरपालिकेनं ती घ्यावी म्हणून सभागृहात घसा कोरडा करणारी नगरसेविका मीच. दाखले, परवाने, निवृत्तीवेतनाची कामं, सगळं एका छपराखाली आणायचं, म्हाताऱ्या माणसांना चार कचेऱ्या हिंडायला लावायच्या नाहीत, हा माझा हट्ट होता. तो पुरा झाला म्हणून तर मला बांधकाम समितीचं अध्यक्षपद मिळालं. त्याआधी आठ वर्षं मी ठेकेदारांच्या संघाची अध्यक्ष होते. सत्काराच्या भाषणांत 'पुरुषांच्या क्षेत्रात' हे शब्द आले नाहीत असं एकदाही झालेलं नाही. मी हल्ली ते येईपर्यंत मनात आकडे मोजते. त्याच्या पुढचं वाक्यही ठरलेलं असतं, की थोरल्या भावानं वाढवलेला व्यवसाय बाईंनी समर्थपणे सांभाळला. तिथं मी मान थोडी खाली घालते. लोकांना तो विनय वाटतो.

गुरुवारी समितीची तातडीची बैठक झाली. लांब टेबल, त्यावरचं हिरवं कापड, झाकण ठेवलेले पाण्याचे ग्लास, सात सभासद, आणि शहर अभियंता म्हणून नवीनच आलेली ती मुलगी. मुलगी म्हणते मी, पण तिशी ओलांडलेली आहे, आणि पायात जाड तळाचे बूट घालून सरळ सभागृहात येते. तिनं जुन्या कारखान्याचं दप्तर धुळीतून उकरून त्या वेळचं साइटचं रोजचं रजिस्टर मिळवलं होतं. काम सरकारी मदतीचं होतं, त्यामुळं रजिस्टरची एक प्रत पालिकेत जमा असायची. ते मी साफ विसरले होते. चिटणीसाचा आवाज चांगला, म्हणून त्याला वाचायला दिलं. त्यानं चष्मा वर केला आणि वाचलं: "छज्जा, खण एक ते बारा. मी स्वतः सकाळी आठपासून काम पुरे होईपर्यंत उभा राहून काँक्रीट ओतून घेतले. वरची सळई खुर्च्यांवर नीट बसल्याची खात्री केली. काम समाधानकारक." खाली दादाची सही. सभासदांपैकी एकानं विचारलं, की छज्जा ओतताना खुर्च्या कशाला, बसायला का? सगळे हसले. अभियंता मुलीनं समजावून सांगितलं, की छज्जा पुढं आलेल्या हातासारखा असतो, त्याला ताण वरच्या अंगाला पडतो, म्हणून त्याची मुख्य सळई वरच राहायला लागते. ती मजुरांच्या पायाखाली दबून खाली जाऊ नये म्हणून तिच्याखाली वाकवलेल्या सळईचे घोडे उभे करतात, त्यांना म्हणतात खुर्च्या. खुर्ची नसली की सळई खाली, आणि मग तो छज्जा नुसत्या सवयीनं उभा असतो. "मी काल शिडी लावून बघून आले," ती म्हणाली, "सहाव्या खणात खुर्च्या आहेत. दोष गंजाचा. बाकीचे खण ठोकून पाहिले, आवाज ठीक आहे." बघून आले. किती सहज म्हणाली. मी टेबलाच्या कापडाची शिवण नखानं उसवत बसले होते. माझं वाक्य मी एकतीस वर्षांनी दुसऱ्याच्या तोंडून ऐकत होते, आणि त्या वाक्यात मी पुरुष होते.

बाबांना झटका आला तेव्हा फर्मची तीन कामं अर्धवट होती. ठेकेदार म्हणून नोंदणी लागते, नोंदणीला डिप्लोमा लागतो, आणि डिप्लोमा दादाकडं होता. माझ्याकडं होती ती बाबांच्या मागं साइटवर हिंडून गोळा केलेली माहिती आणि मोठा आवाज. दादा पहिल्याच दिवशी पहाडावर, म्हणजे बांबूच्या परांचीवर, चढला, दुसऱ्या टप्प्यावर त्यानं बांबूला मिठी मारली आणि डोळे मिटून घेतले. मुकादमानं त्याला पाठीवर घेऊन खाली आणलं. सगळे मजूर बघत होते, कुणी हसलं नाही, आणि तेच वाईट होतं. त्यानंतर दादा कधी साइटवर आला नाही. मी गेले. पण रजिस्टर नोंदणीदारानं स्वतः लिहायचं असा नियम, आणि दिवसभर तिथं काय झालं ते दादाला काय माहीत? म्हणून मी लिहायची आणि तो सही करायचा. सुरुवातीला मी 'पाहणी करण्यात आली' असलं गुळमुळीत लिहायची. सरकारी तपासनिसानं लाल शाईनं शेरा मारला, की नोंदणीदाराने स्वतः हजर असल्याचे स्पष्ट लिहावे. मग स्पष्ट लिहिलं. मी आलो, मी मोजले, मी उभा राहिलो. पहिल्या दिवशी पेन अडखळलं; आठवड्याभरात हात बसला. इतका बसला, की एकदा जेवण झाल्यावर आईला म्हणाले, "मी जेवलो." आईनं भांडी घासता घासता मागं न बघता विचारलं, "कोण आलंय गं?" आम्ही दोघी पोट धरून हसलो. दादा हसला नाही. तो रोज संध्याकाळी जेवणाच्या टेबलाशी बसायचा, मी लिहिलेलं पान पुढं ओढायचा, आणि सही करण्याआधी ते मोठ्यानं वाचायचा. त्याला आवाज फार सुंदर होता. "मी स्वतः उभा राहून पायाचे खोदकाम तपासले." बाबा बिछान्यावरून ऐकायचे. त्यांना बोलता येत नसे, पण दादाचं वाचून झालं की त्यांची मान हलायची. ती मान कुणासाठी हलते हा प्रश्न मी अकरा वर्षं गिळला. चौतीस इमारती. मग अनुभवावर नोंदणी मिळायला लागली, मी माझ्या नावावर घेतली, आणि कागदोपत्री मी फर्ममध्ये आले ती तेव्हा. त्याआधी मी कुठंच नव्हते.

आणि तो छज्जा. आतल्या टोकाच्या भिंतीकडून सुरू केला, गेटकडं येत गेलो. दहा खण झकास झाले. अकराव्याला मुकादम म्हणाला, की बाई, खुर्च्या संपल्या. सळई वाकवणाऱ्यानं मोजण्यात घोळ घातला होता आणि जेवायच्या सुट्टीत तो घरी गेला तो परतलाच नव्हता. मिक्सर भरलेला, माल फिरतोय, ऊन तापलंय. थांबायचं म्हटलं तर दहाव्या खणाशी जुन्या-नव्या काँक्रीटचा जोड राहणार. तोही वाईट, पण नीट केला तर चालतो. ते मला तेव्हाही ठाऊक होतं. पण कारखान्याचे मालक आणि त्यांचे चार मित्र सावलीला उभे राहून बघत होते. सकाळपासून बघत होते, बाई काय करते ते. मी थांबा म्हणाले असते तर बाई घाबरली असं झालं असतं. मी चार विटांचे तुकडे सळईखाली सरकवायला लावले आणि म्हणाले, "ओता." एवढंच. माणसं वरून चालली, तुकडे कलंडले, सळई खाली गेलेली मी डोळ्यांनी पाहिली आणि त्यावर काँक्रीट पडलेलंही पाहिलं. मालक जवळ येऊन म्हणाले, की मानलं बुवा तुम्हाला. संध्याकाळी मी लिहिलं, काम समाधानकारक. दादानं ते वाचलं, सुंदर आवाजात. पहिली पाच वर्षं मी दर महिन्याला त्या रस्त्यानं गाडी घ्यायची आणि मान वर करून बघायची. मग वर्षातून एकदा. मग इमारत घ्यायचं ठरलं तेव्हा मी पालिकेच्या इंजिनिअरला म्हणाले होते, की छज्जा पाडून नवा करू या का. तो म्हणाला, की चांगला दणकट आहे, कशाला पाडायचा. मी गप्प बसले. अकराव्या आणि बाराव्या खणाखाली, गेटला लागून, दाखल्यांची खिडकी आहे. रोज शे-दीडशे माणूस रांगेत असतं. रांगेला सावली मिळावी म्हणून ती खिडकी तिथं काढायला मीच सांगितलं होतं.

बैठकीत हे सगळं सांगता आलं असतं. तोंड उघडलंही होतं. पण एक सभासद म्हणाला, की बाईंच्या भावाची सही आहे, बाईंनी अध्यक्षपदावरून बाजूला व्हायला पाहिजे का? आणि बाकीचे त्याच्यावर तुटून पडले, की काय बोलता, बाई तेव्हा फर्ममध्ये होत्या तरी का, एकतीस वर्षं झाली, आणि बाईंवर संशय? सगळे माझ्या बाजूनं इतके भांडले की मला खरं बोलायला जागाच उरली नाही. ठरलं ते असं: सहाव्या खणाचं उरलेलं काढून टाकायचं, सही करणाऱ्याला शनिवारी बोलावून रीतसर जबाब घ्यायचा, आणि सोमवारी खिडकी पुन्हा उघडायची. सळई किती खोल आहे ते आतून बघणारं यंत्र बाहेरून मागवायला लागतं, त्याला महिना लागतो, आणि मागवायला लेखी कारण लागतं. कारण कुणाकडंच नव्हतं. बैठक सुटल्यावर मी तिथं गेले. दोरी बांधून सगळं बंद केलेलं, पण दोरीच्या अलीकडं सहा-सात माणसं तरी उभी होतीच, सोमवारी उघडणार का विचारायला आलेली. एका म्हातारीनं मला ओळखलं नाही. ती म्हणाली, की बाई, इथं उभं राहिलेलं बरं, ऊन लागत नाही. मी तिला दंडाला धरून बाहेर उन्हात आणलं. तिला वाटलं मी वेडी आहे.

शुक्रवारी दुपारी दादाकडं गेले. त्याच्या बैठकीच्या खोलीत, टीव्हीच्या वर, तो फोटो आहे: उद्घाटनाच्या दिवशी हेल्मेट घालून छज्ज्याखाली उभा असलेला दादा. ते हेल्मेट माझं होतं. वहिनीनं चहा टाकला आणि नेहमीसारखी म्हणाली, की यांच्या साइटच्या गोष्टी ऐकून ऐकून माझे कान सिमेंटचे झालेत, आता तुम्ही दोघं बसा, मी आत जाते. तिला खरं माहीत आहे की नाही हे मला कधी कळलं नाही. दादाचं लग्न उशिरा झालं, ती आली तेव्हा रजिस्टर बंद झालं होतं. मी दादाला सगळं सांगितलं. खुर्च्या, विटांचे तुकडे, शेवटचे दोन खण, ओता. सांगितलं, की उद्या मी समितीपुढं बोलणार, राजीनामा लिहून ठेवलाय. तो ऐकत होता. सत्तरीला आलाय, पण बसतो अजून ताठ. ऐकून झाल्यावर म्हणाला, की तू कशाला बोलायचं? जबाब माझा घेणार आहेत. सही माझी आहे. मी सांगतो, खुर्च्या कमी पडल्या, माझी चूक झाली. लोकांचा जीव वाचला म्हणजे झालं ना? तुझं पद राहील, फर्मच्या ऐंशी माणसांची नोकरी राहील, चौतीस इमारतींवर कुणी बोट ठेवणार नाही. मी म्हणाले, की दादा, लोक तुला नावं ठेवतील, पेपरात येईल. तो म्हणाला, की येऊ दे. मला ते त्याचं मोठेपण वाटलं, आणि मी त्याचे पाय धरायच्या बेतात होते. पण तो माझ्याकडं बघतच नव्हता. तो फोटोकडं बघत होता.

"चूक तर चूक," तो म्हणाला. "पण ती माझी म्हण. तुझ्याकडं बाकी सगळं आहे."

मग हळूहळू बोलत गेला, आणि मी घाबरत गेले. त्याला तो दिवस आठवत होता. ऊन किती होतं ते आठवत होतं, मालकांचा पांढरा शर्ट आठवत होता. मिक्सरचा आवाज असा यायचा म्हणून त्यानं तोंडानं काढून दाखवला. हे सगळं मीच त्याला एकेका संध्याकाळी सांगितलेलं, किंवा लिहिलेलं, आणि त्यानं वाचलेलं. रोज मोठ्यानं 'मी उभा राहिलो' म्हणणारा माणूस अकरा वर्षांनी कुठं तरी उभा राहणारच की. त्याला तिथून खाली उतरवणं आता माझ्या हातात नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मला ते नकोही होतं. मला सुटका दिसत होती. मी पर्समधला राजीनामा चाचपून पाहिला आणि पर्सची चेन ओढून घेतली. मग आम्ही दोघांनी उजळणी केली, परीक्षेच्या आदल्या दिवशी करतात तशी. किती खुर्च्या होत्या, किती कमी पडल्या, विटांचे तुकडे किती, शेवटचे दोन खण. तो एकदाही चुकला नाही. निघताना वहिनी म्हणाली, की काय बोललात हो, किती दिवसांनी यांच्या तोंडावर टवटवी आलीय.

शनिवारी दादा पांढरा शर्ट घालून आला. चिटणीसानं खुर्ची दिली, पण तो उभाच राहिला. मी टेबलाच्या टोकाशी अध्यक्ष म्हणून बसले होते. मान खाली, हातात पेन्सिल. दादानं सांगायला सुरुवात केली. तोच आवाज. खुर्च्या कमी पडल्या, सळई वाकवणारा परतला नाही, माल फिरत होता, मी ओता म्हणालो. चूक माझी आहे, मी लपवली, आज सांगतोय. एका सभासदानं चष्मा काढून डोळे पुसले. दुसरा मला हळूच म्हणाला, की बाई, असा भाऊ मिळायला भाग्य लागतं. अभियंता मुलगी तेवढी भारावली नव्हती. तिच्यापुढं नकाशा पसरलेला होता, आणि तिच्या हातात लाल पेन्सिल होती. तिनं विचारलं, की शेवटचे दोन खण म्हणजे नेमके कुठले? ओतायला सुरुवात कुठून केली होती?

हे मी त्याला सांगितलं नव्हतं. जेवताना घास कुठं न्यायचा हे कुणी कुणाला सांगतं का? आतून सुरू करायचं आणि बाहेर येत जायचं, नाहीतर आपणच आपल्या ओल्या कामामागं अडकणार. एक दिवस जरी साइटवर काढला असेल तरी माणूस दुसरं उत्तर देणार नाही. दादा हसला. सोपा प्रश्न आल्यावर हुशार विद्यार्थी हसतो तसा.

"अर्थात गेटकडून," तो म्हणाला.

मुलीची पेन्सिल थांबली. तिनं विचारलं, की गेटकडून? मग मिक्सर बाहेर कसा काढलात? दादा म्हणाला, की काढला ना, मी स्वतः उभा होतो. सभासद कौतुकानं हसले, तिच्याकडं थोडं रागानंच बघितलं, की म्हाताऱ्या माणसाला किती खोदून विचारायचं. ती क्षणभर घुटमळली. मग तिनं नकाशावर भिंतीकडच्या दोन खणांभोवती लाल रेघ मारली, आणि म्हणाली, की ठीक आहे, हे दोन पाडायला घेऊ, तिकडं कुणाची ये-जा नाही. गेटकडची खिडकी सोमवारी उघडायला हरकत दिसत नाही. चिटणीस लिहायला लागला. दादानं माझ्याकडं बघितलं. त्याला शाबासकी हवी होती, आणि मला ती म्हातारी दिसली, सावलीत उभी.

मी म्हणाले, की दोन्ही टोकांना टेकू द्या, सावधगिरी म्हणून. माझा आवाज बऱ्यापैकी अध्यक्षासारखा आला. मला वाटलं, निभावलं. मुलगी म्हणाली, की बाई, गेटकडं टेकू दिले तर जायला वाटच राहत नाही, सगळी इमारत महिनाभर बंद ठेवावी लागेल. मला आवडेलच, पण लेखी कारण लागेल, काय लिहू? सगळे माझ्याकडं बघायला लागले. कारण. मी ग्लासवरचं झाकण काढलं, परत ठेवलं. एका सभासदानं सुचवलं, की नको तेवढी भीती कशाला, भाऊसाहेबांनी एवढं स्पष्ट सांगितलंय. दादानं मान डोलावली. तेवढ्यात मी उठून उभी राहिले होते. कधी उठले ते मला कळलं नाही.

"सुरुवात भिंतीकडून केली होती," मी म्हणाले. "शेवटचे दोन खण गेटकडचे."

"तुम्हाला कुणी सांगितलं?" मुलीनं विचारलं. ती उलटतपासणी करत नव्हती, तिला खरंच कळत नव्हतं.

"मी तिथं उभी होते."

मी पुढं बोलत गेले. आता थांबले असते तर परत सुरू करता आलं नसतं. म्हणाले, की दादा नव्हता. त्या दिवशी नव्हता, कुठल्याच दिवशी नव्हता. रजिस्टर मी लिहिलंय, अकरा वर्षांचं सगळं. ओता मी म्हणाले. खुर्च्या नाहीत हे बघून म्हणाले. मुलगी माझं पुरतं ऐकायला थांबलीच नाही. तिनं फोन कानाला लावला होता आणि गेटवरच्या पहारेकऱ्याला सांगत होती, की आधी तिथली सगळी माणसं बाहेर काढ, हो, आत्ताच्या आत्ता, मी येतेच आहे. बूट वाजवत ती निघून गेली. सभासद एकमेकांकडं बघत होते. कुणीतरी विचारलं, की हे इतिवृत्तात घ्यायचं का. मी पर्समधून राजीनाम्याचं पाकीट काढून टेबलावर ठेवलं. छातीवरचं ओझं उतरेल असं वाटलं होतं. तसं काही झालं नाही.

दादा आता खुर्चीत बसला होता. मला वाटलं तो चिडेल, आणि तो चिडला असता तर बरं झालं असतं. तो हिशेब न जुळलेल्या माणसासारखा समोरच्या नकाशाकडं बघत होता, भिंतीकडून गेटकडं, परत गेटकडून भिंतीकडं, बोटानं. मी त्याच्याजवळ गेले आणि खाली वाकले. त्यानं मान वर केली, आणि सभागृहाला ऐकू जाणार नाही अशा, घरातल्या आवाजात विचारलं:

"अगं, मग मी कुठं होतो?"